रेझिनच्या आधीचे पाणी

घरात समुद्री मासे किंवा नाजूक कोळंब्या पाळणाऱ्यांची उन्हाळ्यातली एक तक्रार ठरलेली असते: पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या शेवटच्या नळीतले रेझिन भराभर संपते. दिवाळीत बसवलेले कार्ट्रिज होळी उलटून गेली तरी चालत होते. त्याच दुकानातून आणलेले पुढचे कार्ट्रिज मात्र महिनाभरात रंग बदलून मोकळे झाले. दुकानदाराचे उत्तरही ठरलेले. ते रेझिन हलके होते, या खेपेला भारीतले घ्या, नाहीतर एकाऐवजी दोन लावा. गिऱ्हाईक दोन लावते आणि दोन्ही संपतात. माझे म्हणणे असे की हा तपास चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. रेझिन हा शुद्धीकरणाचा शेवटचा टप्पा आहे. त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात किती क्षार उरले आहेत यावर त्याचे आयुष्य ठरते, आणि नेमके तेच पाणी बहुतेक घरांत कोणी मोजत नाही. मोजले जाते ते रेझिनमधून बाहेर पडणारे पाणी, कारण तिथे मीटरवर शून्य दिसते आणि शून्य पाहून समाधान होते. पण कार्ट्रिज काल बसवलेले असो की उद्या संपणारे असो, तो आकडा शून्यच राहतो. तो चढू लागतो तेव्हा दुकानात जायची वेळ झालेलीच असते.

यंत्रात आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, मग क्लोरीन शोषणारा कार्बन, त्यानंतर आरओचे मेंब्रेन आणि सर्वांत शेवटी डीआय, म्हणजे रेझिनचे कार्ट्रिज असते. मेंब्रेन दाबाच्या जोरावर पाणी पार करते आणि अडवलेले क्षार वेस्टच्या नळीतून बाहेर घालवते. क्षार अडवताना ते स्वतः खर्ची पडत नाही. रेझिन मात्र खर्ची पडते. त्यातले मणी दोन जातींचे असतात. एका जातीचे मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धनभारित आयन धरतात आणि बदल्यात हायड्रोजन सोडतात. दुसऱ्या जातीचे मणी क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट असे ऋणभारित आयन धरून हायड्रॉक्सिल सोडतात. सोडलेल्या दोघांचे मिळून पाणी होते. प्रत्येक मण्यावरच्या जागा मोजक्या असतात, त्या भरल्या की काम थांबले. एक लिटर मिश्र रेझिन ढोबळमानाने ३० ग्रॅम मिठाइतके क्षार धरू शकते. घरगुती १० इंची कार्ट्रिजमध्ये अर्ध्या लिटरहून थोडेसे जास्त रेझिन मावते, म्हणजे त्याची कुवत साधारण १६ ग्रॅमची. पुढचा सगळा हिशेब या आकड्याच्या भागाकाराचा आहे.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, ८०० मिलिग्रॅम धरू. मेंब्रेन त्यातले ९८ टक्के अडवत असेल तर रेझिनकडे १६ मिलिग्रॅम जातात आणि १६ ग्रॅम कुवतीचे कार्ट्रिज हजार लिटर पाणी देते. प्रत्यक्षात थोडे कमीच मिळेल, पण आठवड्याला २० लिटर शुद्ध पाणी लागणाऱ्या टाकीला ते वर्षभराच्या आसपास पुरावे. आता मेंब्रेन ९६ टक्क्यांवर आले असे समजा. रेझिनकडे १६ ऐवजी ३२ मिलिग्रॅम जाऊ लागतात आणि कार्ट्रिज ५०० लिटरांत संपते. ९० टक्क्यांवर आले तर ८० मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटर. वर्षाचा माल दहा आठवड्यांत खलास. परीक्षेत ९८ चे ९६ गुण झाले तर घरात कोणी चकार शब्द काढत नाही, इथे त्याच दोन गुणांनी खर्च दुप्पट होतो. मेंब्रेनने शंभरापैकी किती अडवले हे सांगणे विक्रेत्याच्या सोयीचे आहे. रेझिनला भोगावे लागते ते शंभरापैकी किती निसटले याचे फळ, आणि ते कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते.

महाराष्ट्रातल्या शहरांत हा हिशेब जास्त बोचतो, कारण इथे एकाच सोसायटीत दोन तऱ्हांचे पाणी येते. भातसा, तानसा, वैतरणेवरच्या धरणांतून मुंबईला किंवा खडकवासल्यातून पुण्याला येणारे पाणी हे घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे. फारसे जमिनीत न मुरता धरणात साठलेले. ते मऊ असते, टीडीएस बहुधा शंभराच्या आसपास. जमिनीत मुरून काळ्या पाषाणाच्या भेगांत राहिलेले बोअरचे पाणी मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका बरोबर घेऊन वर येते. तिथे मीटर पाचशेच्या, कधी हजाराच्याही पुढे जातो. उन्हाळ्यात पालिकेचा पुरवठा आटतो, सोसायटी टँकर मागवते, टँकर कुठल्या तरी विहिरीवर किंवा बोअरवर भरलेला असतो आणि तळटाकीत दोन्ही पाणी एक होते. नळ तोच, यंत्र तेच, मेंब्रेनही शेकडा तेवढेच अडवते आहे. पण आत येणारे क्षार पाचपट झाले की निसटणारेही पाचपट होतात. उन्हाळ्यातले कार्ट्रिज लवकर का गेले याचे उत्तर अनेकदा सोसायटीच्या टँकरच्या बिलात असते. त्यामुळे पहिले काम म्हणजे नळाचे पाणी महिन्यातून एकदा तरी मोजणे. वर्षापूर्वी मोजलेला आकडा या वर्षीच्या मे महिन्यात काही कामाचा नाही.

नळाचे पाणी बदललेले नसेल तर संशय मेंब्रेनवर, आणि त्यातही आधी दाबावर घ्यावा. कंपनी सांगते ती कामगिरी सहसा ५० पीएसआय दाबाला मोजलेली असते. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली राहणाऱ्याला जेमतेम १४ पीएसआय मिळतात, शेवटच्या मजल्यावरच्याला त्याच्या निम्मेही नाहीत. दाब घटला की मेंब्रेनमधून येणारे पाणी कमी होते, पण क्षार झिरपण्याचा वेग दाबावर फारसा अवलंबून नसल्याने तो जवळजवळ तसाच राहतो. थोड्या पाण्यात तेवढेच क्षार आले की निसटण्याचे प्रमाण वाढणारच. म्हणून आपल्याकडे बूस्टर पंप लागतो. पंप आहे म्हणजे दाब आहे असे मात्र नव्हे. थकलेला पंपही आवाज पूर्वीसारखाच करतो, आणि दाब दाखवणारा गेज फार थोड्या यंत्रांवर बसवलेला असतो. मेंब्रेन बदलताना त्याची रबरी रिंग नीट बसली नाही तर कच्चे पाणी बाजूने निसटते, हेही एकदा तपासून घ्यावे. आणखी एक कारण सोयीच्या नावाखाली घरात शिरते. यंत्र बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार समसमान होऊ लागतात, त्यामुळे सुरू केल्यावरचे पहिले पाणी नेहमीच जास्त खारे असते. फ्लोट व्हॉल्व्ह लावून दर तासाला थोडेथोडे पाणी घेणारी स्वयंचलित व्यवस्था ते पहिले पाणी दिवसातून वीस वेळा रेझिनच्या गळी उतरवते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ड्रम भरावा आणि सुरुवातीच्या काही मिनिटांचे पाणी रेझिनच्या आधीच बाजूला काढावे.

स्वयंपाकघरातला आरओ हे तर अस्सल आपल्याकडचे कारण. वेगळे यंत्र घेण्यापेक्षा पिण्याच्या आरओच्या बाहेर येणाऱ्या नळीला रेझिन जोडावे, हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. पण पिण्याच्या यंत्रात बहुधा टीडीएस अॅडजस्टर असतो. तो कच्च्या पाण्याची थोडी धार मेंब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळतो, कारण फार कमी क्षारांचे पाणी माणसाला बेचव लागते. काही यंत्रांत त्यावर मिनरलचे कार्ट्रिजही असते, ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुद्दाम पाण्यात सोडते. एका कार्ट्रिजने क्षार घालायचे आणि पुढच्या कार्ट्रिजने तेच काढून घ्यायचे, असा हा उद्योग. पिण्याच्या पाण्याचा आकडा ८० वर ठेवलेला असेल तर रेझिनच्या दृष्टीने ते दहापैकी एक भाग क्षार निसटू देणारे, कामातून गेलेले मेंब्रेनच झाले. मेंब्रेनच्या लगेच पुढून, अॅडजस्टर आणि मिनरलच्या आधी, नळी काढता येत असेल तरच हा जोडकामाचा विचार करावा.

इथपर्यंतचे सगळे टीडीएस मीटरला दिसते. सर्वांत जास्त गोंधळ करणारा अपराधी मात्र त्याला दिसत नाही. तो म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. टीडीएस मीटर खरे तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. विरघळलेला वायू भाररहित असल्याने मीटर त्याची जवळजवळ दखल घेत नाही. मेंब्रेनही त्याला अडवत नाही, तो पाण्याबरोबर आरपार जातो. पुढे रेझिनशी गाठ पडली की हायड्रॉक्सिलशी संयोग पावून त्याचे बायकार्बोनेट होते आणि ऋणभारित आयन धरणाऱ्या मण्यांवरच्या जागा तो बळकावतो. किती? बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी २०० आणि पीएच ७.३ असेल, जे आपल्याकडे मुळीच जगावेगळे नाही, तर रसायनशास्त्राच्या नियमाने त्यात लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. रेझिनवर त्याचा भार सुमारे २६ मिलिग्रॅम मिठाइतका पडतो. म्हणजे मेंब्रेननंतर मीटर प्रामाणिकपणे १६ दाखवत असताना मण्यांच्या या जातीवर ४२ चा बोजा येतो आणि हजार लिटरचे कार्ट्रिज चारशेच्याही आत आटोपते. मेंब्रेन चांगले, दाब चांगला, मधला आकडाही चांगला, तरी रेझिन जाते. मग दोष रेझिनवर येतो, कारण समोर दुसरे कोणी दिसत नाही. याची परीक्षा सोपी आहे. मेंब्रेननंतरचे पाणी पेल्यात घेऊन पीएच बघावा, मग रात्रभर त्यात हवेचे बुडबुडे सोडून पुन्हा बघावा. पीएच ठळकपणे चढला तर वायू होता आणि आता उडून गेला. उपायही घरातलाच आहे. आरओचे पाणी ड्रममध्ये साठवून एअर स्टोनने दिवसभर खळबळू द्यावे आणि त्यानंतर छोट्या पंपाने रेझिनमधून काढावे. मासे पाळणाऱ्या घरात हवेचा पंप नाही असे होत नाही, तरी ही युक्ती दुकानात फारशी सांगितली जात नाही. तिच्यात विकण्यासारखे काही नाही हे कारण असावे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बाजारात खरोखरच हलके रेझिन मिळते, तुम्ही विक्रेत्याला फार स्वस्तात सोडता. रेझिन वाईट असू शकते, हे मान्यच. हायड्रॉक्सिलच्या रूपातले मणी उघड्या पाकिटात राहिले तर हवेतलाच कार्बन डायऑक्साइड शोषून अर्धेमुर्धे आधीच भरतात. कोरडे पडले किंवा ६० अंशांच्या वर तापले तरी बिघडतात, आणि आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामाचे काही सांगता येत नाही. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचे रेझिनही दिसायला असेच असते, पण ते कॅल्शियमच्या जागी सोडियम देते. टीडीएस होता तिथेच राहतो. पण विक्रेत्याला पकडायचे तरी मोजमाप लागतेच. रेझिनच्या आधीचा आकडा माहीत असेल, वायूचा हिशेब धरला असेल आणि तरीही कार्ट्रिज अपेक्षेच्या निम्म्यावर संपले, तर खुशाल पाकीट घेऊन भांडायला जावे. तो आकडा हाती नसलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार काहीही सांगू शकतो. रंग बदलणाऱ्या मण्यांवरही फार विसंबू नये. रंग सहसा दोनपैकी एकाच जातीच्या मण्यांची स्थिती सांगतो. कार्बन डायऑक्साइडने दुसरी जात आधी संपवली तर नळी बाहेरून नवीकोरी दिसत राहते.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा आहे. हजारो रुपयांचे मासे पाळणाऱ्याने कार्ट्रिजच्या किमतीची काय काळजी करायची, संपले की बदलावे, एवढी डोकेफोड कशाला? प्रश्न किमतीपुरता असता तर मीही सोडून दिला असता. पण रेझिन अचानक संपत नाही. एक टोक भरत जाते आणि घट्ट धरलेले आयन सैल धरलेल्यांना पुढे ढकलतात. सर्वांत सैल धरलेली असते सिलिका. बेसाल्टमधल्या पाण्यात ती भरपूर, आणि कार्बन डायऑक्साइडसारखीच मीटरला जवळजवळ अदृश्य. मीटर शून्य दाखवत असतानाच ती टाकीत पोचते आणि काचेवर तपकिरी डायटमचा थर चढतो. मालक दिव्याची वेळ बदलतो, खाद्य कमी करतो, खेकडे-गोगलगाई आणतो. लवकर संपणारे रेझिन आपले संपणे असे परस्पर दुसऱ्याच्या नावावर खपवते. घरच्या घरी रेझिन पुन्हा ताजे करू, हाही एक सल्ला फिरतो. त्यासाठी दोन जातींचे मणी वेगळे करून एकाला हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि दुसऱ्याला कॉस्टिक सोडा द्यावा लागतो. कारखान्यात ते रोजचे काम आहे. फ्लॅटच्या बाथरूममध्ये, घरात मुले असताना, ते करू नये. दोन कार्ट्रिज ओळीने लावण्याचा सल्ला मात्र चांगला आहे. पहिल्यानंतरचा आकडा चढला की ते टाकून दुसरे पुढे सरकवायचे, म्हणजे प्रत्येक कार्ट्रिजची पुरती कुवत वापरली जाते आणि टाकीत घाण जात नाही. फक्त त्याने क्षारांचा एकूण भार कणभरही कमी होत नाही, हे विसरू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो माशांचा छंद नसलेल्या वाचकाचा असेल. ज्या राज्यात उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे घेऊन टँकरमागे धावतात तिथे माशांच्या टाकीसाठी एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वेस्ट सोडणाऱ्या यंत्राची कामगिरी सुधारण्याची चर्चा शोभते का? राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, पाण्याचा टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी आणि जिथे परवानगी द्यायची तिथेही ६० टक्क्यांहून जास्त पाणी शुद्ध होऊन हाती यावे, असे निर्देश केंद्राला दिले ते याच चिंतेतून. आक्षेपातली चिंता मला मान्य आहे. मात्र वेस्टची धार आवळून पाणी वाचवण्याचा जो उपाय अनेक जण करतात तो उलटा पडतो. बोअरच्या पाण्यात मेंब्रेनवर चुन्याचा थर चढतो, निसटणारे क्षार वाढतात आणि तेवढ्याच शुद्ध पाण्यासाठी रेझिन आणि मेंब्रेन दोन्ही पुन्हा विकत आणावी लागतात. वेस्ट पाणी बादलीत धरून फरशी आणि संडासासाठी वापरणे, हे जास्त कामाचे. पावसाळ्यात पहिल्या सरी वाहून जाऊ दिल्यावर स्वच्छ ताडपत्रीवरून धरलेले पाणी कार्बनमधून काढले तर मेंब्रेनला चार महिने सुट्टी मिळू शकते. कोकणात राहणाऱ्याने याचा विचार न करणे नवलाचे.

खरी बचत याहून आधीच्या प्रश्नात आहे: या टाकीला रेझिन लागतेच कशाला? गोल्डफिश, गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना कठीण पाणी चालते, गप्पी आणि मॉलीला तर ते मानवते. मुंबई-पुण्याचे धरणाचे पाणी क्लोरीन काढून घेतले की डिस्कससारख्या मऊ पाण्यातल्या माशांनाही बहुतेक वेळा पुरते. रेझिनची गरज उरते ती समुद्री टाकीला, कारण तिथे मीठ मोजून मिसळायचे असते आणि उडून गेलेल्या पाण्याची भर रोज घालताना नळातले फॉस्फेट, तांबे, सिलिका साठत जातात. आणि काही जातींच्या कोळंब्यांना. समुद्री टाकीतही ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा चालतो त्या दगडी प्रवाळांना भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, ही गोष्ट छंदाच्या गप्पांत फारशी निघत नाही. ज्यांना रेझिन खरोखर लागते ते थोडे आहेत, आणि त्या थोड्यांना बाजाराने दोन गोष्टी द्यायला हव्यात. मेंब्रेन आणि रेझिन यांच्यामध्ये पाणी काढून मोजता येईल असा एक छोटा नळ आणि त्याच्याशेजारी दाबाचा गेज यंत्राबरोबरच बसवून मिळावा. आणि रेझिनच्या पाकिटावर ‘हाय कपॅसिटी’ या शब्दांऐवजी आतला माल किती ग्रॅम क्षार धरतो तो आकडा छापलेला असावा, म्हणजे संपलेले कार्ट्रिज हातात घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला आधी काय विचारायचे ते ठाऊक असेल.